प्रश्न उद्भवत नाही

११ जून, बुधवार

आज मायाक्का आत्या ऑफिसात आली. साडेदहाला मी कुलूप काढायला गेले तर ती आधीच पायरीवर बसलेली. पहाटेची एसटी धरून आली होती. हातात कापडी पिशवी, पिशवीत वस्तीवरच्या मास्तरांकडून लिहून घेतलेला अर्ज. म्हणाली, "तू हितं बसतीस म्हनून आले. न्हायतर मी कशाला येती खासदाराच्या दारात?"

मी इथे बसते म्हणजे काय, ते एकदा लिहून ठेवते, कारण ही वही आजच सुरू करते आहे. खासदार बापूसाहेबांच्या सोलापुरातल्या संपर्क कार्यालयात मी तीन वर्षं कंत्राटी नोकरीवर आहे. राज्यशास्त्रात एम.ए. केलं, त्याचा एवढाच उपयोग झाला. लोकांचे अर्ज घ्यायचे, साहेबांच्या सहीचं पत्र लावून त्या त्या खात्याला पाठवायचे, रजिस्टर ठेवायचं, आणि दिल्लीत अधिवेशन असलं की लोकसभेत विचारायच्या प्रश्नांचे मसुदे टाइप करायचे. दिवसभर जे तोंडावर आणता येत नाही ते कुठेतरी ओतायला हवं म्हणून ही वही. नाहीतर एखाद्या दिवशी मी कुणाच्या तरी डोक्यात स्टॅपलर घालीन.

आत्याचा अर्ज असा. गडदेवस्तीच्या मधून नवा हायवे गेला. घरं या बाजूला राहिली, चराईचा माळ आणि पाण्याची विहीर त्या बाजूला. लोकांनी आणि जनावरांनी जायचं कुठून, तर हायवेखालून एक बोगदा ठेवलाय. त्या बोगद्यात मेच्या अवकाळीपासून छातीएवढं पाणी आहे, उपसणारं कुणी नाही. मग मेंढरं न्यायची तर हायवेवरून. अठरा मेला आत्याचा मुलगा सिदू कळप घेऊन दुभाजक ओलांडत होता, कंटेनर आला. एकोणीस मेंढरं जागेवर गेली, सिदूचा खुबा मोडला. तो आता खाटेवर आहे आणि साठीची आत्या रोज दोनदा तोच रस्ता ओलांडते.

आई गेल्यावर दहावीपर्यंत मला या बाईने सांभाळलंय. तिच्या बाबतीत मी ढिलाई करणार नाही. तिच्या समोरच पत्र टाइप केलं, हायवेचं काम पाहणाऱ्या कार्यालयाला ईमेल केला, पोस्टाने एक प्रत टाकली, रजिस्टरला नोंद केली, शेवटच्या रकान्यात 'निकाली' लिहिलं. वीस मिनिटं लागली. पत्र बाहेर गेलं की आपल्याकडून निकाली, हे गुरुशांत अण्णांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. अण्णा अक्कलकोटकडचे, साहेबांचे जुने स्वीय सहाय्यक. आमचं रजिस्टर जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांच्या ऑफिसांत सगळ्यात स्वच्छ आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, उगाच का लपवू.

आत्याला विचारलं, अजून काही? ती म्हणाली, "पानी कवा निगंल?" म्हटलं, पत्र गेलंय ना आता.

१५ जून, रविवार

गडदेवस्तीला जाऊन आले.

बोगद्याच्या तोंडावर काळ्या दगडाची पाटी आहे, उद्घाटनाची, तिला कुणी हारही घातलाय. आत हिरवं पाणी. कडेला पंपासाठी ओटा बांधलाय, ओट्यावर पंप नाही. बोगद्याची पातळी शेजारच्या ओढ्यापेक्षा खाली आहे. हे आखणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी पाणी वाहताना बघितलं नसावं.

आत्या मला दाखवायला कळप घेऊन निघाली. मेंढरू पाण्यात पाऊल घालत नाही, हे या माळावरच्या पोरांनाही ठाऊक आहे. रस्त्यावरही ते आपणहून चढत नाही, म्हणून पुढे एक शेळी घालावी लागते. शेळी दुभाजकावर चढली की मागून सगळी येतात, आणि एकदा यायला लागली की थांबत नाहीत, मग ट्रक येवो नाहीतर काही येवो. आत्या मधोमध उभी, काठी आडवी धरलेली, गाड्या हॉर्न वाजवत तिच्या बाजूने जात होत्या. एकानेही वेग कमी केला नाही. मी कडेला उभी राहून ओरडत होते. माझं ओरडणं गाड्यांना ऐकू जात नव्हतं आणि मेंढरं मात्र बुजत होती, तेव्हा आत्याने मला गप्प बसवलं.

सिदू खाटेवरून म्हणाला, "पोलीस म्हनलं, हितनं वलांडायला बंदी हाय, चूक तुजीच. मी म्हनलं, मंग बोगद्यातनं पवत जाऊ का मेंढरं घिऊन?"

येताना हायवेच्या साइट ऑफिसात शिरले. तिथला इंजिनिअर म्हणाला, मॅडम, आमच्याकडे पेंडिंग काहीच दिसत नाही. म्हटलं, डोळे आहेत का, चला दाखवते. तर म्हणे पेपरवर दिसत नाही.

१ जुलै, मंगळवार

दोन स्मरणपत्रं पाठवली, उत्तर नाही. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. कुठल्या जन्माची मीटिंग चालू आहे कोण जाणे.

मासिक विवरणपत्र, अर्जांच्या तारीखवार यादीसकट, गेलं आज जिल्हा आढावा बैठकीला. जूनचे अर्ज एकशे बारा, निकाली एकशे बारा. बैठकीचे अध्यक्ष आपलेच साहेब. त्यांनी सगळ्या खात्यांच्या लोकांसमोर ते वाचून दाखवलं म्हणे आणि टाळ्या घेतल्या. हायवेवालेही होते बैठकीत, बिस्किटं खात बसले असतील. निदान माझ्या कामाने साहेबांना बरं वाटलं.

१४ जुलै, सोमवार

एकवीस तारखेपासून अधिवेशन. साहेब आज ऑफिसला होते. मी सरळ आत गेले आणि म्हटलं, गडदेवस्तीच्या बोगद्याचा तारांकित प्रश्न टाकूया. तारांकित म्हणजे ज्याला मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर सदस्याला उलट विचारता येतं. नुसत्या लेखी उत्तरावर मंत्री सुटतो.

साहेब म्हणाले, "बघू." साहेबांचं 'बघू' म्हणजे काय हे आम्हाला माहीत आहे. त्यांचे प्रश्न दिल्लीतला एक माणूस लिहून देतो. गेल्या अधिवेशनात चौऱ्याऐंशी प्रश्न लागले त्यांच्या नावावर, पेपरात 'कार्यक्षम खासदार' म्हणून फोटो आला. मी मोजून पाहिले, त्यातले जिल्ह्याशी संबंध असलेले नऊ. बाकी समुद्री शेवाळ, विमानतळावरचं सामान, ईशान्येकडचा बांबू. सोलापूरच्या माणसाने समुद्री शेवाळावर प्रश्न विचारायचा आणि सोलापूरच्या म्हातारीने ट्रकखाली जायचं.

हे मी तोंडावर बोलले. शेवाळाचं बोलले, म्हातारीचं बोलले. माझी नोकरी तिथेच जायची, पण साहेब हसले. "लई तापतीस तू. टाक प्रश्न. लॉटरीत निघाला तर निघाला."

बाहेर गुरुशांत अण्णा म्हणाले, "अंकिता, प्रश्न टाकायच्या आदी रजिस्टर बगून घे एकदा."

म्हटलं, अण्णा, माझं रजिस्टर आरशासारखं स्वच्छ आहे, तुम्ही तुमचं बघा. ते म्हणाले, "बिडव्वा," म्हणजे जाऊ दे बाई, आणि चष्मा पुसत बसले. या माणसाला कुणी नवं काही करायला लागलं की पोटात दुखतं.

२८ जुलै, सोमवार

लागला. चिठ्ठ्यांमध्ये आपला प्रश्न निघाला. सात ऑगस्ट, गुरुवार, तारांकित, वीसपैकी क्रमांक चार. चार म्हणजे हमखास पुकारला जाणार.

आत्याला फोन केला. तिला लोकसभा म्हणजे काय ते सांगत बसले. देशभरातून आपण माणसं निवडून पाठवतो, ती तिथे मंत्र्याला जाब विचारतात, मंत्र्याला खरं सांगावं लागतं, खोटं सांगता येत नाही. आत्या म्हणाली, "आन समजा सांगितलं तर?" म्हटलं, सभागृहात सांगितलेलं लिहिलं जातं, आत्या, ते कायमचं राहतं.

साहेबांसाठी उपप्रश्न लिहिले. पंप का नाही? ओढ्याखाली पातळी का ठेवली? तपासणी कुणी केली? ठळक अक्षरांत, म्हणजे चष्म्याशिवाय वाचता येतील.

७ ऑगस्ट, गुरुवार

आत्या सकाळीच आली. वस्तीवरून दोघी बायकाही आल्या तिच्याबरोबर. ऑफिसचा टीव्ही लावला, चहा मागवला. अकराला सभागृह सुरू झालं. अकरा वाजून दोन मिनिटांनी हौद्यात गोंधळ. कुठल्या तरी दुसऱ्याच विषयावर, फलक हातात, घोषणा. अध्यक्ष 'बसा, बसा' म्हणत होते. आत्याने टीव्हीकडे बोट दाखवलं. "त्ये आपलं बापूसाहेब न्हवं का?"

ते आपले बापूसाहेबच होते. अध्यक्षांच्या समोर, फलक डोक्यावर धरून, लाल तोंडाने ओरडत. स्वतःचा प्रश्न चार नंबरला आहे आणि हा माणूस सभागृह बंद पाडायला उभा. अकरा वाजून नऊ मिनिटांनी तहकूब. पहिलाही प्रश्न पुरता झाला नाही.

आत्या म्हणाली, "झालं व्हय?" मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि शिव्या दिल्या. जेवढ्या येतात तेवढ्या सगळ्या. मी या माणसाला मत दिलंय. मीच नव्हे, गडदेवस्तीने एकगठ्ठा दिलंय.

प्रश्न पुकारला गेला नाही तरी उत्तर पटलावर ठेवलं जातं आणि दुपारी लोकसभेच्या वेबसाइटवर येतं. आलं. मी बायकांना मोठ्याने वाचून दाखवायला लागले. मराठीत उतरवून इथे लिहिते:

'(क) आणि (ख): सदर भुयारी मार्गाबाबत एक तक्रार प्राप्त झाली होती. माननीय सदस्यांच्या कार्यालयाने जिल्हा आढावा बैठकीत सादर केलेल्या मासिक विवरणपत्रानुसार ही तक्रार दिनांक ११ जून रोजी निकाली निघाली आहे. (ग) आणि (घ): प्रश्न उद्भवत नाही.'

निकाली निघाली म्हणे. छातीएवढं पाणी अजून तिथे आहे. कुठल्या नालायकाने हे मंत्र्याला लिहून दिलं? हायवेवाल्यांनी खोटा कागद केलाय, दुसरं काही असूच शकत नाही. आमच्या ऑफिसच्या नावाने बनावट विवरणपत्र. मी त्यांना सोडणार नाही. आत्याला म्हटलं, ज्याने हे लिहिलं त्याला मी उघडा पाडते. एसटी चुकेल म्हणून उठल्या तिघी.

८ ऑगस्ट, शुक्रवार

गुरुशांत अण्णांना म्हटलं, पोलिसांत बनावट कागदाची तक्रार द्यायची. त्यांनी रजिस्टर काढलं, जूनचं पान उघडलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

अक्षर माझं आहे.

९ ऑगस्ट, शनिवार

ऑफिसला गेले नाही. खोलीवर बसून राहिले.

मीच ते गाढव. पत्र पाठवलं की काम झालं असं मी तीन वर्षं लिहिते आहे. कुणी विचारलं नाही आणि मी थांबले नाही. काल तीन वर्षांची रजिस्टरं चाळली. दोन हजार तीनशे बारा अर्ज, सगळ्यांपुढे माझ्या टपोऱ्या अक्षरात तोच शब्द. कुणाच्या रेशनचा, कुणाच्या पेन्शनचा, कुणाच्या पोराच्या अपंगत्वाच्या दाखल्याचा. यातल्या किती जणांना कुठल्या खिडकीवर सांगितलं गेलं असेल, तुमचं तर निकाली निघालंय?

अण्णांना फोन करून भांडले. तुम्ही शिकवलंत मला हे. ते म्हणाले, "व्हय, मला बी कुणीतरी शिकवलं हुतं." मग म्हणाले, "मी सांगितलं हुतं रजिस्टर बगून घे." म्हटलं, सरळ सांगायचं होतं. ते म्हणाले, "तू सरळ ऐकतीस का कुणाचं?" मी फोन आपटला.

राग कुणावर काढू तेच कळत नाही. मंत्र्याने उत्तर कागद बघून दिलं, कागद हायवेवाल्यांनी आमच्याच बैठकीतून उचलला, बैठकीत साहेबांनी वाचला, साहेबांना मी दिला. हायवेवाले हरामखोर आहेत हे खरंच आहे, त्यांना पाणी दिसत होतं. पण त्यांच्या हातात कोलीत मी दिलं.

१० ऑगस्ट, रविवार

गडदेवस्ती. सांगून टाकलं.

आत्या कोकराला बाटलीने दूध पाजत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. तिने बाटली काढली नाही. म्हणाली, "म्हंजे माजा अर्ज तूच मिटवलास."

"हो."

"मी तुज्या समूर बसले हुते तवाच?"

"हो."

सिदू खाटेवर हसायला लागला, ते हसू मला जन्मात विसरता येणार नाही. "लई ब्येस की. मी खासदाराला शिव्या देतूय, मंत्र्याला देतूय. मानूस घरातलंच हाय."

मी रडायला लागले. आत्याने कोकरू खाली सोडलं आणि माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी खोटं बोलले की अशीच बघायची. "रडू नगं हितं, मेंढरं बुजत्यात. लिवलेलं पुसायचं कसं त्ये सांग."

म्हटलं, पुसता येत नाही. पण सदस्याने लोकसभेच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं की मंत्र्याचं उत्तर चुकीचं आहे, तर मंत्र्याला दुरुस्त उत्तर द्यावं लागतं. त्यासाठी बापूसाहेबांनी स्वतः लिहायला हवं की त्यांच्याच ऑफिसचा कागद खोटा आहे.

"लिवतील?"

मी डोळे पुसले. ती म्हणाली, "मी येती."

जेवायला वाढलं. दुपारी तिने मला कळपाबरोबर घेतलं नाही, एकटीच गेली रस्त्यावर.

२३ ऑगस्ट, शनिवार

परवा अधिवेशन संपलं, साहेब आज आले. आत्या आणि मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो. पत्राचा मसुदा मी आधीच लिहिला होता. त्यांनी वाचला आणि दार लावून घ्यायला सांगितलं.

"अंकिता, मी अध्यक्षांना लिवायचं की माझंच ऑफिस खोटं बोललं? जिल्हा परिषदा तोंडावर हायत. पेपरवाले काय करतील माझं?"

"पण पाणी आहे, साहेब."

"पाणी काढायला लावतो. फोन करतो मी त्यांना."

"कुणाला कराल? त्यांच्याकडे आता लोकसभेचं उत्तर आहे. ते म्हणतील प्रश्नच उद्भवत नाही."

मग म्हटलं, तुम्ही नाही लिहीत तर मी लिहिते अध्यक्षांना. तेव्हा चिडले. "तू कोन? तू सदस्य हायस का? तितं माझंच पत्र चालतं."

आणि हे खरं आहे, म्हणून तर अंगाचा तिळपापड झाला. सोळा-सतरा लाख माणसांना मिळून तिथे एक तोंड दिलंय आणि ते या माणसाच्या चेहऱ्यावर बसवलंय. तो शेवाळावर बोलला तर आम्ही शेवाळावर बोललो. तो ओरडला तर आम्ही ओरडलो. तो गप्प तर गडदेवस्ती गप्प.

तेवढ्यात आत्या बोलली. तिने आवाज चढवला नाही. "बापूसाहेब, तुमी तितं वरडत हुता, मी टीवीवर बगितलं. कशापायी वरडत हुता?"

साहेबांनी सांगायला सुरुवात केली. पक्षाचा आदेश, देशाचा प्रश्न, विरोधकांची मुस्कटदाबी. आत्याने सगळं ऐकून घेतलं.

"त्यात आमची वस्ती हुती का?"

"तसं नसतंय, मावशी."

"न्हवती म्हना की. आता आमच्यापायी येक कागद लिवा. वरडू नका, नुसतं लिवा. माजा ल्योक पडून हाय. मी रोज दोन टायमाला त्या रस्त्यात हुबी ऱ्हाती. मी मेले तर तुमचा कागद म्हनंल, बाई बोगदा सोडून उगंच रस्त्यावर गेली. ह्येच म्हनंल न्हवं?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हेच म्हणेल.

बराच वेळ त्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. मग मसुदा ओढून घेतला आणि पेनाने एक ओळ खोडली. मी लिहिलं होतं, 'माझ्या कार्यालयाच्या प्रचलित पद्धतीमुळे'. त्यांनी लिहिलं, 'कार्यालयातील कंत्राटी कर्मचारी कु. अंकिता वाघमोडे यांच्या हलगर्जीपणामुळे'. म्हणाले, "असं जाणार असंल तर सही करतो. आन तुला मग ठेवता येनार न्हाय, हे तुला बी कळतंय."

कळलं. खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. पद्धत त्यांच्या ऑफिसची होती, टाळ्या त्यांनी घेतल्या होत्या, आणि हलगर्जीपणा एकट्या माझ्या नावावर. मला वाटलं कागद त्यांच्या तोंडावर फेकावा. आत्याला वाचता येत नाही, ती विचारत होती, "काय बदाललं?" म्हटलं, काही नाही, एक शब्द.

बाहेर येऊन मीच टाइप केलं. स्वतःचं नाव दोनदा तपासलं. जूनच्या पानाची झेरॉक्स जोडली, बोगद्याचे सहा फोटो जोडले. साहेबांनी सही केली. गुरुशांत अण्णांनी जावक क्रमांक टाकला आणि रजिस्टरचा शेवटचा रकाना माझ्यासमोर मोकळा सोडला. म्हणाले, "हितनं पुढं आसंच ठेवतो. उत्तर येईस्तवर." मी त्यांच्याशी पंधरा दिवस बोलले नव्हते. आज म्हटलं, अण्णा, मागचे दोन हजार तीनशे बारा? ते म्हणाले, "रोज धा फोन लावीन." लावतील की नाही माहीत नाही. मी असते तर बघितलं असतं.

३० ऑगस्ट, शनिवार

खोली सोडली. कपडे आणि पुस्तकं दोन पिशव्यांत बसली. बाबा फोनवर म्हणाले, एवढी शिकलीस आणि स्वतःच्या हाताने स्वतःला काढलंस. ते कुंभारीला राहतात, मी त्यांच्याकडे जाऊ शकले असते. गडदेवस्तीला आले.

आत्याने विचारलं नाही किती दिवस राहणार. सिदू अजून माझ्याशी सरळ बोलत नाही. पाणी पाहिजे का विचारलं तर भिंतीकडे बघून म्हणतो, आसंल तर दे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

गुरुशांत अण्णांचा फोन. मंत्रालयाचं पत्र आलं साहेबांच्या नावाने. अण्णांनी वाचून दाखवलं, मी या वहीत उतरवून घेतलं: 'माननीय सदस्यांचे पत्र तपासण्यात आले. वस्तुस्थितीची माहिती मागविण्यात आली असून दुरुस्त उत्तर पुढील अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.'

म्हणजे खोटं मागे घेतलं जाणार. लोकसभेत, सगळ्या देशासमोर, गडदेवस्तीच्या बोगद्यात पाणी आहे असं लिहिलं जाणार. मी धावत जाऊन आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "पुडचं अधिवेशन कवा हाय?"

डिसेंबर.

ती आकाशाकडे बघत राहिली. चार दिवसांपासून इकडे झोडपतोय. आमच्याकडे पाऊस उशिरा येतो आणि आला की असा येतो. बोगद्याच्या पाण्याने आज उद्घाटनाच्या पाटीचा खालचा काठ गाठला. हायवेवाल्यांना फोन केला तर तोच इंजिनिअर. म्हणे पत्राची प्रत आली आहे, वरून आदेश आला की पंप बसवू. म्हटलं, डिसेंबरपर्यंत या बाईने काय करायचं? म्हणे, मॅडम, शक्यतो रस्ता ओलांडू नका. मी त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

मेंढरांना डिसेंबर कळत नाही. त्यांना सकाळी सातला चरायला जायचं असतं आणि साडेपाचला घरी यायचं असतं.

२१ सप्टेंबर, रविवार

आज पाचवा दिवस. सकाळी सात आणि संध्याकाळी साडेपाच, मी हायवेच्या मधोमध उभी राहते, लाल ओढणी काठीला बांधून. आधी एक बाजू थांबवायची, शेळी दुभाजकावर चढली की पळत दुसऱ्या बाजूला. आत्या मागून कळप हाकते. शहाऐंशी मेंढरं जायला चार मिनिटं लागतात.

पहिल्या दिवशी कुणी थांबलं नाही. मी इतकी ओरडले की घसा बसला. दुसऱ्या दिवशी एक दुधाचा टँकर थांबला, त्याच्यामागे बाकीच्यांना थांबावंच लागलं. आता रोजचे काही जण लांबूनच वेग कमी करतात. बाकीचे काच खाली करून आयमायवरून बोलतात, मीही मागे राहत नाही. सरकारी पाटी लावलेली एक पांढरी गाडीही थांबली काल. आतला साहेब मोबाइलमधून मान वर न काढता बसला होता. मी बोनेटवर हात आपटून त्याला सांगितलं, खाली उतर आणि त्या बोगद्यात बघ. त्याने काच वर घेतली.

आज संध्याकाळी पाऊस होता. एक कंटेनर आला, वेगात, दिवे लावून. मी ओढणी हलवली, तो थांबेना. सिदूला ज्याने उडवलं तसाच कंटेनर, आणि शेळी तोवर दुभाजकावर चढलेली. मी जागेवरून हलले नाही. मला मंत्री दिसत होता, बापूसाहेब दिसत होते, माझं टपोरं अक्षर दिसत होतं, आणि मी सगळ्यांना मिळून त्या ड्रायव्हरला शिव्या देत सुटले. काठी कधी खाली आली मला कळलं नाही. कंटेनर माझ्यापासून दहा-बारा पावलांवर, रस्त्यावर रबराचा वास सोडत थांबला.

मागून आत्याचा आवाज आला, रोजच्यासारखाच, फक्त थोडा मोठा. "अंके, शिव्या मागनं दे. आदी हात वर धर."

मी हात वर धरला. मेंढरं यायला लागली.